घरच्या पडद्यावरील अभिजात विज्ञानपट : ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला –
• ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटाची रचना व आशय स्पष्ट करता येईल.
• मोठ्या पडद्यासाठी निर्माण झालेली कलाकृती घरी पाहताना येणाऱ्या अडचणी सांगता येतील.
• ‘रसविघ्न’ या संकल्पनेचे चित्रपटाच्या आस्वादाच्या संदर्भात उपयोजन करता येईल.

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, जयंत नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे यांच्या विज्ञानकथा आपल्या परिचयाच्या आहेत. विज्ञानातील एखादी कल्पना कथेत येते तेव्हा निवेदक ती शब्दांतून उलगडून दाखवतो. या घटकात आपण अशा एका विज्ञानपटाचा विचार करणार आहोत, जो प्रेक्षकाला जवळजवळ काहीच समजावून सांगत नाही.

स्टॅन्ले क्युब्रिक दिग्दर्शित हा चित्रपट एप्रिल १९६८ मध्ये, म्हणजे मानवाने चंद्रावर पाऊल ठेवण्याच्या सव्वा वर्ष आधी, अमेरिकेत प्रदर्शित झाला. तो भव्य, वक्राकार पडद्यावर ७० मिलिमीटरच्या प्रतींमधून दाखवण्यासाठी तयार केलेला होता. आज मात्र तो आपल्याला बहुधा घरातील दूरचित्रवाणी संचावर वा संगणकावरच पाहावा लागतो. अशा वेळी कलाकृतीतील काय हरवते, काय टिकते आणि आस्वादकाने कोणती काळजी घ्यावी, हा या घटकाचा मुख्य प्रश्न आहे.

चित्रपटाची रचना

पटकथा क्युब्रिक आणि आर्थर सी. क्लार्क यांनी मिळून लिहिली. क्लार्क यांची ‘द सेंटिनल’ ही लघुकथा तिचे एक बीज होय. चित्रपट प्रागैतिहासिक काळातील वानरसदृश मानवपूर्वजांपासून सुरू होतो. त्यांच्यासमोर एक गुळगुळीत काळी शिळा प्रकट होते. त्यानंतर त्यांच्यापैकी एकाला हाडाचा शस्त्र म्हणून उपयोग करण्याची कल्पना सुचते. लाखो वर्षांनंतर तशीच शिळा चंद्राच्या भूमीत पुरलेली सापडते आणि तिच्यातून गुरू ग्रहाच्या दिशेने संकेत जातो. अठरा महिन्यांनी ‘डिस्कव्हरी’ हे यान गुरूकडे निघते. यानाचा कारभार पाहणारा हाल ९००० हा संगणक सहप्रवाशांच्या जिवावर उठतो. अखेरीस एकटा उरलेला अंतराळवीर डेव्ह बोमन अज्ञाताच्या प्रवासातून एका विलक्षण खोलीत पोचतो, तेथे वृद्ध होतो आणि नव्या, अर्भकरूप अस्तित्वात परिवर्तित होतो.

सुमारे २ तास २० मिनिटांच्या या चित्रपटात पहिला संवाद जवळजवळ पंचविसाव्या मिनिटाला येतो. शेवटची वीसहून अधिक मिनिटेही संवादाविना आहेत. म्हणजेच आशयाचा मोठा भार दृश्य, संगीत आणि शांतता यांवर आहे. नेमक्या याच गोष्टी घरच्या पाहण्यात सर्वांत आधी बाधित होतात.

रसविघ्ने आणि घरातील आस्वाद

साहित्यशास्त्राचा अभ्यास करताना आपण अभिनवगुप्तांनी सांगितलेल्या सात रसविघ्नांचा परिचय करून घेतो. त्यांपैकी तीन विघ्ने येथे विशेष उपयुक्त ठरतात.

(अ) निजसुखादिविवशीभाव : प्रेक्षक स्वतःच्या सुखदुःखांत गुंतलेला असेल तर त्याचे मन कलाकृतीत रमत नाही. यावर उपाय म्हणून अभिनवगुप्तांनी गीतवाद्ये, सुशोभित मंडप इत्यादींचा उल्लेख केला आहे. नाट्यगृह आणि चित्रपटगृह हे कार्य आपल्यासाठी करतात. अंधार होतो, दार बंद होते आणि प्रापंचिक विचार काही काळ बाहेर राहतात. घरी मात्र स्वयंपाकघरातील कुकरची शिटी, दारावरची घंटा आणि भ्रमणध्वनीवरील संदेश आपल्याला पुन्हापुन्हा स्वतःच्या जगात ओढून आणतात.

क्युब्रिकने स्वतःच यावर एक उपाय योजलेला दिसतो. चित्रपटाच्या आरंभी सुमारे तीन मिनिटे पडदा पूर्णपणे काळा असतो आणि ग्यॉर्गी लिगेती यांचे संगीत ऐकू येते. घरी ही मिनिटे फसतात. संच बिघडला असे समजून कोणी तारा हलवून पाहतो, तर कोणी चित्रपट पुढे सरकवतो. वस्तुतः ही मिनिटे म्हणजे नांदीच आहे. ती पूर्ण ऐकावी, कारण पुढील दीर्घ शांततेसाठी कान येथेच तयार होतात.

(आ) प्रतीत्युपायवैकल्य : कलाकृतीच्या प्रतीतीची साधनेच सदोष असणे, हे दुसरे विघ्न. या चित्रपटाच्या चौकटीची रुंदी उंचीच्या २.२० पट आहे. जुन्या दूरचित्रवाणी संचांच्या पडद्याची रुंदी उंचीच्या १.३३ पट असे. पडदा संपूर्ण भरण्यासाठी चित्राच्या बाजू छाटल्या, तर जवळजवळ ४० टक्के चित्र नाहीसे होते. आजच्या रुंद संचावर संपूर्ण चित्र मावते. मात्र त्याच्या वर आणि खाली मिळून उंचीचा सुमारे एक पंचमांश भाग काळा राहतो. या काळ्या पट्ट्या दोष समजून चित्र ताणू नये.

चौकट अखंड असण्याचे महत्त्व एका प्रसंगावरून लक्षात येईल. हालच्या वर्तनाविषयी शंका आल्याने दोन अंतराळवीर एका छोट्या यानात दार लावून बोलतात. आपले बोलणे हालला ऐकू जात नाही, अशी त्यांची खात्री असते. चौकटीच्या डाव्या आणि उजव्या बाजूंना दोघे समोरासमोर बसले आहेत. त्यांच्या मधोमध, काचेपलीकडे, हालचा लाल डोळा दिसतो. मग ध्वनी थांबतो आणि कॅमेरा केवळ हलणाऱ्या ओठांवरून फिरतो. संगणक ओठांच्या हालचालींवरून संभाषण वाचत आहे, हे कोणी सांगत नाही. ते प्रेक्षकाने ओळखायचे आहे. चौकटीच्या बाजू छाटल्या तर हे त्रिकोणी नाते पूर्ण दिसत नाही आणि प्रसंगातील भय क्षीण होते.

(इ) संभावनाविरह : दाखवलेली गोष्ट संभवनीय वाटली नाही तर रसप्रतीती होत नाही. विज्ञानपटापुढे हे विघ्न नेहमीच उभे असते. क्युब्रिकने त्याचा परिहार वैज्ञानिक काटेकोरपणाने केला. यानातील कृत्रिम गुरुत्वाचा आभास निर्माण करण्यासाठी सुमारे ३८ फूट व्यासाचे फिरते चक्र प्रत्यक्ष बांधण्यात आले. निर्वात अवकाशातून ध्वनी प्रवास करत नाही, हा नियमही चित्रपट पाळतो. यानाबाहेर एका अंतराळवीराचा घात होतो तेव्हा स्फोट नाही, किंकाळी नाही. त्याचा देह निःशब्दपणे दूर जात राहतो. निद्रावस्थेतील तीन सहकाऱ्यांचा मृत्यूही यंत्राच्या पडद्यावरील इशाऱ्यांतून आणि सपाट होत जाणाऱ्या रेषांतूनच कळतो. घरात पंख्याचा आवाज चालू असेल तर ही शांतता ‘ऐकू’ येत नाही. म्हणून शक्य असल्यास श्रवणयंत्र म्हणजे हेडफोन वापरावा.

स्वयं-अध्ययन प्रश्न : आरंभीच्या काळ्या पडद्याला ‘नांदी’ का म्हटले आहे? दोन-तीन वाक्यांत लिहा.

भाषेचा विरोधाभास

भाषेच्या अभ्यासकाला आणखी एक गोष्ट जाणवेल. या चित्रपटातील माणसे औपचारिक, भावशून्य बोलतात. वाढदिवसाच्या शुभेच्छांनाही अंतराळवीर निर्विकारपणे सामोरा जातो. याउलट हालच्या बोलण्यात अभिमान, आर्जव आणि भीती आहे. डग्लस रेन यांच्या शांत आवाजामुळे हा विरोध अधिक तीव्र होतो. बोमन संगणकाची स्मृती एकेक करून काढून टाकतो, तेव्हा हाल घाबरल्याची कबुली देतो आणि अखेरीस ‘डेझी बेल’ हे जुने गाणे म्हणू लागतो. यामागे एक वास्तव संदर्भ आहे. १९६१ मध्ये बेल प्रयोगशाळेत आयबीएम ७०४ या संगणकाकडून हेच गाणे म्हणवून घेण्यात आले होते. खुनी यंत्राविषयी करुणा वाटावी, हा या प्रसंगाचा परिणाम चकित करणारा आहे. तो लहान पडद्यावरही उणावत नाही, कारण तो मुख्यतः आवाजावर उभा आहे.

संथपणाचा प्रश्न

‘चित्रपट फार संथ आहे’ हा आक्षेप नवा नाही. आरंभीच्या खेळांतून काही प्रेक्षक उठून गेले. त्यानंतर क्युब्रिकने सुमारे १९ मिनिटांचा भाग कमी केला. पुढे विशेषतः तरुण प्रेक्षकांनी चित्रपट उचलून धरला. घरी मात्र उठून जाण्याचीही गरज नसते. बोटाच्या एका स्पर्शाने संथ भाग ओलांडता येतो. परंतु योहान स्ट्राउस यांच्या वॉल्ट्झच्या सुरांवर याने तरंगतात, तो काळ ओलांडला तर कथानक कळते आणि अनुभव निसटतो. विश्रांती हवीच असेल तर ओठ वाचण्याच्या प्रसंगानंतर येणाऱ्या मध्यंतरात घ्यावी. दिग्दर्शकाने ती जागा विचारपूर्वक निवडली आहे.

घरच्या पाहण्याचा एक लाभही नमूद केला पाहिजे. येथे पुनःपुन्हा पाहता येते. वानराने भिरकावलेल्या हाडाच्या जागी क्षणार्धात अवकाशयान दिसते, ती दृश्यांची जोड आपण थांबून न्याहाळू शकतो. हत्यारापासून यंत्रापर्यंतचा मानवी प्रवास तेथे एकाही शब्दाविना मांडलेला आहे. तसेच क्लार्क यांच्या त्याच नावाच्या कादंबरीशी तुलना करता येते. कादंबरीतील यान शनीकडे जाते, चित्रपटातील गुरूपर्यंतच. शनीची कडी पडद्यावर खरी वाटतील अशी साकारणे तेव्हा जमले नाही. कादंबरी शेवटाचा अर्थ बराचसा उलगडते. चित्रपट तो व्यंजनेवर सोपवतो आणि क्युब्रिकनेही प्रदर्शनानंतर त्याचे शाब्दिक स्पष्टीकरण देण्याचे टाळले.

समारोप

चित्रपटगृह प्रेक्षकाच्या वतीने जी पूर्वतयारी करते, ती घरी प्रेक्षकाला स्वतः करावी लागते. दिवे मालवणे, भ्रमणध्वनी दूर ठेवणे, घरच्यांना सांगून अडीच तास राखून ठेवणे, या गोष्टी किरकोळ वाटतील. पण त्या रसविघ्नांचा परिहारच आहेत. पडद्याचा आकार आपल्या हाती नसतो, ‘सहृदय’ होणे मात्र असते. अशा तयारीने पाहिल्यास घराच्या चार भिंतींतही अवकाशाची अथांगता काही अंशी प्रत्ययाला येते.

स्वाध्याय

१. अभिनवगुप्तांच्या कोणत्याही दोन रसविघ्नांच्या आधारे घरातील चित्रपट-आस्वादाची चर्चा करा.
२. ‘या चित्रपटात यंत्राची भाषा माणसाच्या भाषेपेक्षा अधिक भावपूर्ण आहे.’ या विधानाचे सोदाहरण परीक्षण करा.
३. उपक्रम : चित्रपटाची पहिली पंचवीस मिनिटे अखंड पाहा आणि संवादाविना कळलेला आशय एका पृष्ठात लिहा.