विहिणीची पंगत, माळव्यातली

मंदसौरच्या तहानंतर, 1818 मध्ये, इंदूर होळकरांची राजधानी झाली. दरबाराच्या आश्रयाने इथे स्थिरावलेल्या मराठी घरांनी लग्नातली पंगतही जपली. आजकाल संध्याकाळच्या स्वागत समारंभात बुफे असतो, माळव्याचे दालबाफलेही असतात. पण खरा मान विहिणीच्या पंगतीचा. वरमाईच्या ताटाभोवती रांगोळी, शेजारी उदबत्ती, जमल्यास चांदीचं ताट. वाढप सुरू असताना वधूकडच्या बायका ‘विहीण’ म्हणतात. आमची लेक सांभाळून घ्या, अशी विनवणी त्या गाण्यात असते आणि ऐकणाऱ्यांचे डोळे भरतात. मग उखाणे, नवरा-नवरीने एकमेकांना भरवलेला जिलबीचा घास, मसालेभात, मठ्ठा. हे गाणं येणाऱ्या आज्या आहेत, तोवर नातींनी ते शिकून घ्यावं.