लाल बावटा, काळी माती आणि बाहेरचं जग

मार्च १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत मराठवाड्यातल्या आठपैकी चार जागा लाल बावट्याने जिंकल्या होत्या, हे आज नांदेड-लातूरच्या तरुण मतदाराला सांगितलं तर त्याचा पटकन विश्वास बसत नाही. नांदेडमधून भाई केशवराव धोंडगे, लातूरमधून भाई उद्धवराव पाटील आणि परभणीतून शेषराव देशमुख, हे तिघेही शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप). बीडमधून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे. लातूर तेव्हा मतदारसंघ होता, जिल्हा नव्हता. उस्मानाबादपासून तो वेगळा झाला १६ ऑगस्ट १९८२ ला. आणीबाणीविरोधाची लाट होती आणि जनता पक्षाशी समझोता होता, हे खरंच. पण धोंडगे आणि उद्धवराव काही लाटेवर तरंगत आलेले नव्हते. तोवर दोघांनीही पाव शतकाहून जास्त काळ याच काळ्या मातीत राजकारण केलेलं होतं.

या दोन भाईंना आपण ‘शेतकऱ्यांचे कैवारी’ एवढ्या दोन शब्दांत गुंडाळून ठेवतो. मला ते अपुरं वाटतं. सामाजिक न्याय आणि परराष्ट्र धोरण ही दोन वेगळी दालनं आहेत, एक गावाचं आणि एक दिल्लीच्या साहेबांचं, अशी वाटणी या पिढीला करताच आली नाही. त्यांच्या आयुष्यात बाहेरचं जग वारंवार थेट गावाच्या वेशीत येऊन उभं राहिलं.

सुरुवात हैदराबाद संस्थानापासून करावी लागते. पुण्या-मुंबईच्या माणसाला स्वातंत्र्य १५ ऑगस्ट १९४७ ला मिळालं. नांदेड, लातूर, उदगीर, कंधार मात्र निजामाच्या राज्यातच राहिले. पुढचे तेरा महिने रझाकारांचे होते. उदगीरजवळच्या हत्तीबेटावर तरुणांनी सशस्त्र तळ टाकला. कंधार तालुक्यातल्या कल्हाळीत आप्पासाहेब नाईक आणि त्यांचे साथीदार लढता लढता मारले गेले. ३० जानेवारी १९४८ ला, म्हणजे ज्या दिवशी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, संस्थानाच्या सरहद्दीवरच्या कॅम्पमधल्या क्रांतिकारकांनी उमरीची बँक लुटून वीस लाखांहून अधिक रुपये लढ्यासाठी नेले.

आणि याच सुमारास आपल्या मुलखाचं प्रकरण संयुक्त राष्ट्रांत पोहोचलं होतं. निजाम सरकारने ऑगस्ट १९४८ मध्ये सुरक्षा परिषदेकडे भारताविरुद्ध तक्रार केली. मोईन नवाज जंग यांच्या नेतृत्वाखाली शिष्टमंडळ पॅरिसला गेलं. १६ सप्टेंबरला परिषदेत हैदराबादचा विषय निघाला, भारताच्या वतीने रामस्वामी मुदलियार उभे राहिले, आणि दुसऱ्याच दिवशी इकडे निजामाने शरणागती पत्करली. दरवर्षी १७ सप्टेंबरला आपण झेंडावंदन करतो, पण परभणी-नांदेडच्या कुळांचं आणि मजुरांचं भवितव्य त्या आठवड्यात पॅरिसमध्येही चर्चिलं जात होतं, हे कुणी सांगत नाही. शाळेच्या पुस्तकात ते यायला हवं.

धोंडगे याच लढ्यातून आले. जन्म २५ जुलै १९२२. कंधारसारख्या तालुक्यात त्यांनी श्री शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटी उभी केली. संस्थेच्या नावातला ‘मोफत’ हा शब्दच त्यांचा सामाजिक न्यायाचा जाहीरनामा होता. ज्यांच्या घरात पाटी आली नव्हती त्यांच्यासाठी शाळा, ज्यांचं कुणी छापत नव्हतं त्यांच्यासाठी ‘जयक्रांती’ साप्ताहिक, आणि गुरं राखणाऱ्या पोरांच्या गाण्या-गोष्टींसाठी गुराखी साहित्य संमेलन. त्यांना ‘मन्याडचा वाघ’ म्हणत, आणि सभागृहातला तो आवाज ज्यांनी ऐकला त्यांना या नावाचं वेगळं स्पष्टीकरण लागत नसे. कंधारने त्यांना पाच वेळा विधानसभेत पाठवलं.

उद्धवरावांचा पिंड वेगळा. ते उस्मानाबादचे, पेशाने वकील. कायद्याचं कलम हातात धरून बोलायची त्यांची रीत. १९५२ मध्ये ते हैदराबाद विधानसभेत निवडून गेले, तेव्हा सभागृहापुढचा सर्वांत तापलेला विषय कुळांचा होता. १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्याने ‘संरक्षित कूळ’ हा दर्जा दिला. पुढे आलेल्या कलम ३८-ई चा उल्लेख मराठवाड्यातल्या जमिनीच्या कागदांवर आजही सापडतो. कागदावर कायदा चांगला होता. जमिनीवर काय झालं ते अर्थतज्ज्ञ ए. एम. खुस्रो यांच्या पाहणीने दाखवलं: १९५१ मध्ये संरक्षित ठरलेल्या दर शंभर कुळांपैकी चार वर्षांनी जेमतेम ४५ जण त्याच दर्जाने जमीन कसत होते. १२ जणांनी जमीन विकत घेतली होती. २२ जणांना बेकायदा हुसकावलं होतं आणि १७ जणांनी जमीन ‘राजीखुशीने’ सोडली, असं दाखवलं गेलं होतं. वाड्यावर बोलावून अंगठा घेतलेल्या कुळाची राजीखुशी कसली, हे मराठवाड्यातल्या कुणाही म्हाताऱ्या माणसाला विचारावं. शेकापचं राजकारण या फटीत उभं राहिलं, कायदा आणि अंगठा यांच्यामधल्या.

पक्षाचा बाहेरच्या जगाकडे पाहण्याचा चष्मा ठरला तो नाशिक जिल्ह्यातल्या दाभाडीत, १९५० साली. केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांच्या पक्षाने तिथल्या प्रबंधात मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारला आणि सोव्हिएत रशियाच्या पुढाकारातल्या जागतिक साम्यवादी चळवळीशी नातं सांगितलं. सत्यशोधकी परंपरेतून, बहुजन समाजाच्या पोटातून निघालेल्या पक्षाने हे करावं याला मोठं धाडस लागतं. पुढे जेधे आणि मोरे दोघेही काँग्रेसमध्ये परतले. मराठवाड्यातले भाई मात्र जागचे हलले नाहीत.

मॉस्को आणि वॉशिंग्टन ही नावं मराठवाड्याच्या चुलीपर्यंत कशी पोहोचली हे समजायला मिलो नावाची आयात ज्वारी आठवावी लागते. १९५४ च्या पीएल-४८० या अमेरिकी कायद्याखाली भारताला धान्य येत असे. १९६५-६६ च्या दुष्काळात अध्यक्ष जॉन्सन यांनी ते महिन्या-महिन्याच्या हिशेबाने, हात आखडून सोडलं, कारण व्हिएतनामवरच्या बाँबफेकीवर भारत टीका करत होता. पीएल-४८० ची मदत १९७१ अखेर थांबली. १९७२ चा दुष्काळ आला तेव्हा सरकारला परदेशी धान्य रोख पैसे मोजून घ्यावं लागलं, आणि १९७३ मध्ये रशियाने वीस लाख टन गहू उसना दिला. आपल्या पिढीच्या आई-आज्यांना त्या वर्षाची आठवण आहे ती खडीच्या कामांची, सुकडीची आणि त्या लाल मिलोच्या भाकरीची. ज्या मुलखाची शाळूची भाकरी नावाजलेली, त्या मुलखाने अमेरिकेत जनावरांना घालतात ती ज्वारी खाल्ली. दूरदेशीच्या लढाईवर आपलं सरकार काय बोलतं, त्यावरून आपल्या परातीत काय पडेल हे ठरू शकतं, एवढा धडा त्या दशकाने दिला.

रोजगार हमीची मागणी त्याच दुष्काळात पेटली. वि. स. पागे यांची कल्पना, विरोधी बाकांवरच्या डाव्या पक्षांचा रेटा आणि रस्त्यावर आलेले मजूर, या तिन्हींतून योजना उभी राहिली, तिचा कायदा झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. शहरातल्या नोकरदाराच्या व्यवसाय कराचा पैसा गावातल्या खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीला लावायचा, ही त्यातली सर्वांत न्यायाची गोष्ट.

याच दशकात शेकापची मोठी वैचारिक कोंडी झाली. ९ ऑगस्ट १९७१ ला भारत-सोव्हिएत करार झाला, इंदिराजी मॉस्कोच्या जवळ गेल्या. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली तेव्हा मॉस्कोने तिचं समर्थन केलं. भारतीय कम्युनिस्ट पक्षही इंदिराजींच्या बाजूने उभा राहिला. आणि दाभाडीचा वारसा सांगणारे केशवराव धोंडगे तुरुंगात होते. ज्या देशाकडे पंचवीस वर्षं आशेने पाहिलं, तो देश आपल्याला कोंडणाऱ्या सरकारची पाठ थोपटतो आहे, हे गज धरून पाहणं सोपं नव्हे. मला त्यांचं मोठेपण इथे दिसतं. जगाच्या राजकारणात कोण कुठल्या गटात आहे यापेक्षा आपल्या माणसाला बोलता येतं की नाही, हा प्रश्न त्यांनी वर ठेवला. १९७७ मध्ये ते लोकसभेत पोहोचले तेव्हा परराष्ट्रमंत्री जनसंघातून आलेले अटलबिहारी वाजपेयी होते. एप्रिलमध्येच सोव्हिएत परराष्ट्रमंत्री ग्रोमिको दिल्लीला येऊन गेले आणि करार कायम राहिला. अलिप्ततेचा मूळ रस्ता कुणी मोडला नाही, हे त्या जनता सरकारच्या पदरात टाकायला हवं.

सामाजिक न्यायाची खरी परीक्षा मात्र घरातच झाली. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव एकमताने केला. त्या वेळच्या शरद पवार मंत्रिमंडळात शेकाप होता, एन. डी. पाटील आणि गणपतराव देशमुख मंत्री होते. ठरावानंतर मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत ४ ऑगस्टला पोचीराम कांबळे यांना क्रूरपणे मारण्यात आलं. दलित वस्त्या जळाल्या, विहिरी बाटवल्या गेल्या, घर सोडून लोक शहराकडे निघाले. लाल बावट्याचा आधार मुख्यतः जमीन कसणाऱ्या जातींत होता, आणि सालगडी, मजूर, भूमिहीन यांतला मोठा वाटा दलितांचा. कुळासाठी लढणाऱ्या पक्षाला त्या ऑगस्टमध्ये आपल्याच गावात, आपल्याच मतदारासमोर उभं राहायचं होतं. मुंबईत हात वर करणं आणि टेंभुर्णीत छातीचा कोट करणं यांत अंतर पडलं. ही मराठवाड्याच्या सगळ्या पुरोगामी राजकारणाची जखम आहे, एकट्या शेकापची नव्हे. पण जो पक्ष शोषणाची भाषा बोलत होता, त्याच्याकडून मी जास्त अपेक्षा करतो. नाव प्रत्यक्षात यायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं.

लोकसभेतल्या त्या जागाही टिकल्या नाहीत: १९८० मध्ये नांदेडला शंकरराव चव्हाण आणि लातूरला शिवराज पाटील निवडून आले. उद्धवराव १९८४ मध्ये गेले. धोंडगे शंभरी ओलांडून १ जानेवारी २०२३ ला.

त्यांनी धरलेला धागा मात्र सुटलेला नाही. जानेवारी १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना आली आणि तिचा पाया ठरलेल्या डंकेल मसुद्याविरुद्ध डाव्यांनी दिलेले इशारे लातूरच्या आडत बाजारात तपासून पाहण्याची वेळ आली. २०१६ मध्ये भारताने मोझांबिकशी तूर आणण्याचा करार केला. त्याच हंगामात इथे तूर अमाप पिकली, दर ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली गेले, खरेदी केंद्रांवर बारदाना नव्हता आणि ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या. २०२१ मध्ये तो करार वर्षाला दोन लाख टनांवर पुढे चालू झाला. म्यानमार आणि मलावी यांच्याशीही असेच करार झाले. २०२१ च्याच ऑगस्टमध्ये बारा लाख टन जनुकीय सोयापेंड आयातीला परवानगी मिळाली आणि नवं सोयाबीन बाजारात यायच्या आत लातूरचा दर कोसळला.

शहरातल्या गरिबाला डाळ स्वस्त मिळाली पाहिजे आणि आफ्रिकेतला शेतकरीही शेतकरीच आहे, हे दोन्ही मला मान्य आहे. धोंडगे-उद्धवरावांच्या पक्षालाही ते अमान्य करता आलं नसतं, कारण ‘जगातल्या कष्टकऱ्यांनो’ ही त्यांची आरोळी होती. म्हणूनच तोटा कुणी सोसायचा हे करार करतानाच ठरायला हवं: आयात किती, कुठल्या महिन्यात, आणि इथला दर पडला तर फरक कोण भरणार. हा प्रश्न लातूर आणि नांदेडच्या खासदारांनी लोकसभेत परराष्ट्र खात्याच्या अनुदान मागण्यांवर बोलताना विचारला पाहिजे, आणि निवडणुकीत मत मागायला ते कंधारच्या किंवा नांदेडच्या बाजारात येतील तेव्हा आपण त्यांना विचारला पाहिजे.