उडी दिसू लागते तेव्हा

'स्ट्रीट फायटर ६' या मारामारीच्या व्हिडिओ खेळात समोरच्याने मारलेली उडी साधारण पाऊण सेकंदाची असते. या खेळाच्या हिशेबात पाऊण सेकंद म्हणजे पुष्कळ वेळ. खेळ एका सेकंदाचे ६० तुकडे करतो, एकेका तुकड्याला फ्रेम म्हणतात. पडद्यावर काही बदललेलं दिसलं की बटण दाबायला धडधाकट माणसाला १२ ते १५ फ्रेम लागतात. उडी ४५ फ्रेमच्या आसपासची. म्हणजे कागदावर पाहिलं तर कुणाचीच उडी कुणाला लागायला नको. नवशिक्याला मात्र ती हमखास लागते. छातीत लाथ, पाठोपाठ दोन ठोसे, मग उचलून आपटणं, आणि फेरी संपली. असं का होतं आणि ते थांबतं कसं, हे मी गेले काही महिने स्वतः खेळून शिकतो आहे.

मी हथखोजला नोकरी करतो. १९५९ मध्ये भिलाई स्टील प्लांटची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि पुढे त्या पोलादाच्या आधाराने आजूबाजूला फॅब्रिकेशनची, मशीनिंगची, ओतकामाची वर्कशॉप उभी राहिली. हथखोजचा औद्योगिक परिसर त्यातलाच. आमच्या शेडमधलं वेल्डिंग तपासणं हे माझं काम. विदर्भातून इकडे येऊन राहिलेल्या मराठी घरांपैकी आमचं एक. उंबऱ्याच्या आत नागपुरी मराठी, बाहेर हिंदी आणि छत्तीसगढी. माझ्या पिढीने मारामारीचे खेळ पाहिले ते व्हिडिओ गेम पार्लरमध्ये. १९९१ चा 'स्ट्रीट फायटर २', नंतर 'किंग ऑफ फायटर्स ९७', आणि ज्याचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं तो 'मुस्तफा'. कॉइन टाकायचं, हरला की उठायचं. पण तिथे पाठीमागे चार पोरं उभी असत आणि तुम्ही का हरलात हे न विचारता सांगत. ऑनलाइन खेळात पाठीमागे कुणी नसतं. समोरचा दोन-तीन मिनिटांत हरवून निघून जातो, त्याचं खरं नावही कळत नाही. नवशिक्याची खरी अडचण ही आहे. हरण्याचं कारण त्याला कुणी सांगत नाही, आणि मग तो ते आपल्या बोटांवर ढकलतो: माझे हात मंद, माझं वय झालं.

माझ्या पाठीमागे उभा राहिला तो माझा भाचा. इंजिनिअरिंगला आहे, असले खेळ बरीच वर्षं खेळतो. थोडा वेळ गप्प पाहून म्हणाला, "मामा, तुम्ही आपल्याच माणसाकडे पाहून राहिले. त्याच्याकडे पाहा न."

हे ऐकल्यावर मला शेडमधली नवीन पोरं आठवली. वेल्डिंग शिकायला आलेला मुलगा काचेतून आर्ककडे पाहतो, कारण सगळ्यात झगमगीत तेच असतं. जुना वेल्डर त्याला सांगतो, आर्क सोड, वितळलेल्या धातूकडे बघ, तो कसा पसरतो ते बघ. नजर तिथे गेली की हात आपोआप सरळ चालायला लागतो. खेळातही अगदी तेच घडतं. आपण चालवतो तो गडी, माझ्या बाबतीत रियू, आपल्या डोळ्यांना ओढून घेतो. पण त्याच्याकडे पाहायची गरजच नसते, तो काय करतोय हे आपल्याला ठाऊकच असतं. पाहायचं ते समोरच्याच्या पायांकडे, कारण ते जमीन सोडतात तो क्षण महत्त्वाचा.

नुसतं पाहून भागत नाही. खेळातल्या सरावाच्या खोलीत एक सोय आहे: समोरच्या बाहुल्याच्या चाली आधी नोंदवून ठेवायच्या आणि त्या उलटसुलट क्रमाने चालवायच्या. भाच्याने आधी एकच चाल नोंदवली, उडी. उत्तर साधं आहे. खाली धरून जोराचा ठोसा मारला की रियूचा हात वर जातो आणि येणारा माणूस खाली पडतो. खेळाडू याला अँटी-एअर म्हणतात. पहिल्याच संध्याकाळी ते जमू लागलं. मग त्याने दुसरी चाल घातली: बाहुला कधी उडी मारेल, कधी फायरबॉल, म्हणजे लांबून येणारा चेंडू, टाकेल. आणि लगेच गाडी अडली. उडी तीच, वेळ तेवढाच, उत्तर तेच, पण बोट उशिरा पडू लागलं. तिसरी चाल आल्यावर तर उड्या जवळपास सगळ्याच लागल्या.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यांनी १९५२ मध्ये हेच मोजून दाखवलं होतं: पर्याय वाढले की प्रतिक्रियेला लागणारा वेळ वाढतो. १५ फ्रेमचा आकडा एकाच गोष्टीची वाट पाहणाऱ्या माणसाचा आहे. पाच गोष्टींची वाट पाहणाऱ्याला तो लागू नाही. चांगले खेळाडू आपल्याहून भराभर बटणं दाबतात असं बाहेरून वाटतं. प्रत्यक्षात कुठल्या क्षणी कशाची वाट पाहायची हे त्यांनी आधीच ठरवलेलं असतं, आणि ते ठरवतात अंतरावरून. सरावाच्या खोलीत जमिनीवर चौकोन आखलेले असतात, ते याच कामाचे. समोरचा अगदी लांब असेल तर त्याची उडी पोचतच नाही, तिथे फक्त फायरबॉलची काळजी. अगदी चिकटून असेल तर उचलून आपटणं आणि छोट्या लाथा. उडीचा धोका मधल्या काही चौकोनांपुरता. तेवढ्या पट्ट्यात तो आला की बाकी सगळं डोक्यातून काढायचं आणि उडीची वाट पाहायची. बारीक लाथ लागली तर लागू द्यायची.

हे कळल्यावर मी रिप्ले पाहायला लागलो, आणि माझ्या मते या खेळातलं निम्मं शिक्षण तिथे आहे. रिप्लेत खाली फ्रेमची पट्टी चालते. हल्ला सुरू होताना ती हिरवी, लागण्याच्या क्षणी लाल, आणि हात मागे येईपर्यंत निळी. एक रिप्ले आम्ही दोघांनी एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिला. समोर केन नावाचा गडी. रियू फायरबॉल टाकतो. तो चेंडू अर्ध्या वाटेवर असताना केनचे पाय जमीन सोडतात. त्या क्षणी रियूची पट्टी निळी. केन चेंडूवरून येतो, लाथ बसते. मग बोटं मंद होती का? नव्हती. पट्टी निळी असताना कितीही चपळ बोट असलं तरी काही होत नाही, खेळ ते बटण घेतच नाही. फेरी गेली ती उडी दिसण्याच्या आधी, त्या अंतरावर फायरबॉल टाकायचं ठरलं तेव्हा. भाचा म्हणाला, "तो उडायलाच बसला होता. काहून टाकता? थांबा न जरा."

थांबणं ही या खेळातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे. ड्राइव्ह इम्पॅक्ट नावाचा एक जड हल्ला आहे. तो सुरू व्हायला २६ फ्रेम घेतो, आपले दोन वार अंगावर झेलतो आणि तरी येऊन आदळतो. सोपं उत्तर हे: तोच हल्ला आपणही उलट करायचा. २६ फ्रेम म्हणजे जवळपास अर्धा सेकंद, वेळ आहे. पण नवशिक्याची बोटं सतत काही ना काही दाबत असतात, आणि दाबलेल्या बटणाचं काम पुरं झाल्याशिवाय दुसरं करता येत नाही. हात रिकामे ठेवणाऱ्यालाच तो हल्ला परतवता येतो. सुरुवातीच्या पातळ्यांवर निम्म्याहून जास्त पराभव या एका कारणाने होत असतील तर मला नवल वाटणार नाही.

लांबलचक कॉम्बो पाठ करण्यात नवीन मुलं आठवडेच्या आठवडे घालवतात. कॉम्बो मुळात ठरवून घातलेलेच नव्हते. 'स्ट्रीट फायटर २' तयार होत असताना निर्माते नोरिताका फुनामिझू यांना वार एकमेकांना जोडले जातात असं दिसलं, आणि त्यांनी ते तसंच राहू दिलं. सुरुवातीला तीन वारांचा एक जोड पुरे. तसंच 'मॉडर्न' बटणांचं. त्यात अवघड चाल एका बटणावर येते, बदल्यात तिचा मार २० टक्के कमी बसतो. जुने खेळाडू नाकं मुरडतात. मला ती सोय उत्तम वाटते. बोटांचा अडथळा काढला की शिकणारा लवकर डोळ्यांच्या अभ्यासाला लागतो.

नेटचंही इथेच सांगतो, कारण तेही उडीशीच जोडलेलं आहे. आजचे खेळ रोलबॅक पद्धतीने चालतात. टोनी कॅनन यांनी २००६ मध्ये आणलेल्या जीजीपीओ या प्रणालीने ती रूढ केली. समोरच्याचं बटण पोचेपर्यंत यंत्र थांबत नाही. तो मघाशी करत होता तेच करत असेल असं धरून चित्र पुढे नेतं, आणि अंदाज चुकला तर मागे जाऊन दुरुस्त करतं. नेट वर-खाली होत असेल तर उडीच्या पहिल्या काही फ्रेम गायब होतात, माणूस एकदम हवेतच दिसतो. समोरचा मुंबईत बसला आहे असं धरा. मुंबई इथून रेल्वेने सुमारे ११०० किलोमीटर. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाशाला एवढं अंतर कापायला सहा मिलिसेकंदही लागत नाहीत. लांबीपेक्षा घात करतो तो भिंतीआडचा वायफाय. राउटरपासून लॅनची तार ओढा, हा खर्च नव्या कंट्रोलरच्या आधी करा.

क्रमवारीबद्दल एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. रूकी, आयर्न, ब्राँझ अशा पातळ्या चढत जातात, शेवटी मास्टर. यंत्रणा तुम्हाला बरोबरीचाच गडी देते. त्यामुळे तुम्ही सुधारलात की समोरचाही तगडा येतो आणि हरणं साधारण तेवढंच राहतं. जिंकण्याच्या आकड्यात प्रगती शोधणारे महिन्याभरात खेळ सोडतात. उड्या मोजा. दहा उड्यांतल्या किती पाडल्या, हा आकडा खरं सांगतो.

पाठीमागे कुणी असलं की काय होतं, त्याचं एक उदाहरण. लाहोरचा अर्सलान ॲश २०१९ मध्ये 'टेकन ७' या मारामारीच्या खेळाच्या दोन स्पर्धा, इव्हो जपान आणि पुढे त्याच वर्षी अमेरिकेतला इव्हो, दोन्ही जिंकून गेला. तोवर जगाला या खेळातले पाकिस्तानी खेळाडू माहीत नव्हते. ते एकमेकांशेजारी बसून, एकाच पडद्यावर, हरल्यावर एकमेकांना बोलून तयार झाले होते. आपल्याकडचे मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत 'स्ट्रीट फायटर ५' खेळले. तिथे तो खेळ पदकाचा होता.

तेव्हा दुर्ग-भिलाईत, रायपुरात, नागपुरात कुणी रात्री एकटा बसून हा खेळ हरत असेल तर त्याला माझं सांगणं आहे: आपल्याच पातळीचा एक माणूस शोधा, रविवारी एका टीव्हीला दोन कंट्रोलर जोडा आणि आळीपाळीने मागे उभे राहा. पहिला महिना कॉम्बो नको, क्रमवारी नको. फक्त उडी पाडा.