रिकीब अडकते तेव्हा

शरीरातले सर्वांत लहान हाड कोणते, असे विचारले तर शाळकरी मुलगाही 'कानातली रिकीब' असे चटकन सांगेल. पण जेमतेम तीन मिलिमीटरचे हे हाड अडकून बसले, तर भरल्या घरातले माणूस कसे एकटे पडते, हे पाठ्यपुस्तकात नसते.

कानाच्या पडद्यामागे हातोडा, ऐरण आणि रिकीब अशी हाडांची साखळी असते. पडद्याची थरथर ती आतल्या कानातल्या द्रवापर्यंत पोचवते. रिकिबीचा तळ ज्या खिडकीत हलतो, तिच्या कडेला काही जणांत नवे हाड वाढते आणि रिकीब हळूहळू जखडते. या विकाराचे नाव ओटोस्क्लेरोसिस. व्हिएन्नाच्या ॲडम पोलित्झर यांनी १८९३ मध्ये तो हाडाचा स्वतंत्र विकार असल्याचे दाखवले. बऱ्याचदा तो घराण्यात चालत येतो, ऐन तरुणपणी डोके वर काढतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो.

त्याच्या तऱ्हा फसव्या आहेत. स्वतःचा आवाज हाडांतून मोठा ऐकू येतो, म्हणून असे माणूस हळू बोलते. गोंगाटात समोरचा आवाज चढवतो, तेव्हा त्याला उलट बरे ऐकू येते. साहजिकच घरचे म्हणतात, 'हिला हवे तेवढेच ऐकू येते!' बहिरे माणूस ओरडून बोलते, ही आपली समजूत. हळू बोलणाऱ्या सुनेच्या कानांविषयी शंका कोणाला येणार? आली, तरी कानात कोमट तेल पडते. अडचण पडद्यापलीकडची; तेल तिथवर पोचतच नाही.

निदानाची सुरुवात साध्या नादकाट्याने होते. कानासमोर धरल्यापेक्षा कानामागच्या हाडावर टेकवल्यावर तो मोठा ऐकू आला, तर दोष बहुधा नसेत नसून ध्वनीच्या वाटेत आहे, असे डॉक्टर ताडतात. पुढे ऑडिओग्रॅम असतोच.

वाट मोकळी करता येते, हे १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या सॅम्युएल रोझेन यांना जखडलेली रिकीब हलवताना उमगले. १९५६ मध्ये मेम्फिसच्या जॉन शिया यांनी रिकीब काढून तिथे टेफ्लॉनची बसवली. आजची शस्त्रक्रिया त्याच मार्गाने चालते. बहुतेकांना तिचा चांगला गुण येतो. मात्र क्वचित उरलेले ऐकणेही जाऊ शकते, तेव्हा निर्णय विचारपूर्वकच घ्यावा. शस्त्रक्रिया नको असेल, तर श्रवणयंत्रही उत्तम काम देते.

चष्म्याची लाज आपण केव्हाच सोडली. श्रवणयंत्राची अजून सुटलेली नाही. घरात कोणी हल्ली 'काय म्हणालात?' असे वारंवार विचारत असेल, तर चिडण्याआधी तिला कानाच्या डॉक्टरांकडे न्यावे.