मारकुट्या पालकांचे मन आणि शिक्षकाचे कर्तव्य

लहान मुलांस बेदम मारणारे आईबाप स्वभावतःच निर्दय असतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बहुतांशी खरी नाही. केंद्र शासनाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत महाराष्ट्रासह १३ राज्यांतील मुलांची विचारपूस झाली. दर तीन मुलांपैकी दोघांस मार सोसावा लागल्याचे तीत आढळले; घरी मार खाणाऱ्यांपैकी बहुसंख्य मुलांस मारणारे खुद्द आईवडीलच होते.

याची मानसिक कारणे मुख्यतः चार आहेत. पहिले, बालवयाविषयीचे अज्ञान. तीन वर्षांचे मूल अंथरूण ओले करते, दूध सांडते, ते अजाणता. परंतु ‘हा मुद्दाम करतो’ असे पालकाने मानले की राग भडकतो. दुसरे, रागावर ताबा नसणे. मद्यपानाने उरलासुरला संयमही सुटतो. तिसरे, मनाची खिन्नता, विशेषतः बाळंतपणानंतरची, व एकाकीपणा. सोलापुरात घरी हजारी दराने विड्या वळणाऱ्या मातेस किंवा ऊसतोडीसाठी गाव सोडून आलेल्या जोडप्यास मूल घटकाभर सांभाळणारे माणूस पुष्कळदा जवळ नसते. चौथे, स्वतः बालपणी खाल्लेला मार. तथापि असा प्रत्येक मनुष्य पुढे मारकुटा होतो असे नाही. ही कारणे एकत्र आली म्हणजे धोका वाढतो. सुखवस्तू घरेही त्यास अपवाद नाहीत.

शिक्षकाने येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. ‘तुमचा मुलगा अभ्यास करीत नाही’ एवढा निरोप तापट बापाकडे गेला, तर त्याचे वळ मुलाच्या पाठीवर उमटतात. म्हणून तक्रारीआधी मुलाचा एखादा गुण सांगावा, त्या वयात काय जमते व काय जमत नाही हे समजावून द्यावे, आणि राग आल्यास क्षणभर दूर जाण्याचा उपाय सुचवावा. शाळेतील शारीरिक शिक्षेस २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. छडी उगारणाऱ्या शिक्षकाचा उपदेश पालक मानणार नाहीत.

अंगावर वारंवार नवेजुने वण दिसल्यास किंवा मूल घरी जाण्यास भीत असल्यास, त्यास चारचौघांत प्रश्न विचारू नयेत. मुख्याध्यापकांस कळवून १०९८ या क्रमांकावर किंवा जिल्हा बालकल्याण समितीकडे माहिती द्यावी. पालकास समज देणे हे पुष्कळदा पुरते. परंतु मुलाच्या जिवास धोका असेल तेथे विलंब करू नये.