शनिवार-रविवारचं सिंगापूर

मुंबईहून विमानानं साधारण साडेपाच तास. घड्याळ अडीच तास पुढे. मुलंबाळं, आजी-आजोबा घेऊन दोन दिवसांसाठी परदेशी जायचं, तर सिंगापूर सोयीचं.

बहुतेक कुटुंबं थेट मरिना बे गाठतात. खरं तर पहिली सकाळ बोटॅनिक गार्डन्सला द्यायला हवी. १८५९ साली सुरू झालेली ही बाग २०१५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. पहाटे पाचला उघडते, प्रवेश मोफत. फक्त ऑर्किडच्या बागेला तिकीट. १८७७ मध्ये लंडनच्या क्यू गार्डन्समधून रबराची रोपं इथं आली. पुढे बागेचे संचालक हेन्री रिडली यांनी झाड न मारता चीक काढायची पद्धत बसवली आणि मलायाभर रबराचे मळे उभे राहिले. मुलांना ते झाड दाखवावंच! आतल्या जेकब बॅलस बालोद्यानात मोठ्यांना मुलांसोबतच प्रवेश मिळतो.

दुपारी लिटल इंडियातलं टेक्का सेंटर. शाकाहारी मंडळींना तिथं डोसा मिळतो.

संध्याकाळी गार्डन्स बाय द बेमधल्या उंच कृत्रिम वृक्षांचा प्रकाशखेळ, तोही फुकट.

भारतीय पासपोर्टवर व्हिसा आधी काढावा लागतो, तेव्हा विमानाचं तिकीट घेण्यापूर्वी त्याची चौकशी करा.