जुनी गाडी दारात आली, आता पुढे?

माझ्या मामेभावाने गेल्या वर्षी अकोल्याहून एक छोटी पेट्रोल गाडी घेतली. मीटरवर १,४०,००० किलोमीटर. सगळी शिल्लक त्यात गेली. पण मुमानींना दर महिन्याला अकोल्याला तपासणीला न्यावे लागते, एस.टी.ची दगदग वाचेल, म्हणून घरात सगळे खूश होते. गल्लीत मिठाई वाटली गेली.

मे महिन्यात, मुमानींना घेऊन जाताना, गाडीचा गरम काटा वर चढला. "अकोला आता आलेच," म्हणून भावाने गाडी तशीच रेटली. दोन-तीन किलोमीटरवर धूर निघाला आणि इंजिन बंद पडले. मुमानींना भर उन्हात रिक्षाने दवाखान्यात न्यावे लागले. हेड गॅसकेट गेले होते. दुरुस्तीचे पैसे बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेल्या रकमेतून द्यावे लागले.

मिस्त्रीने रेडिएटर उघडून दाखवला. आत पांढऱ्या क्षाराचा थर होता. कूलंट थोडे कमी होत होते, म्हणून घरातले सगळे त्यात बोअरचे पाणी ओतत होते.

आपण बाळापूरकरांनी हे आधी ओळखायला हवे होते. पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंनी अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. आपल्या तालुक्यातील कितीतरी गावांचे भूजल खारे आहे. जे पाणी आपण पीत नाही, ते इंजिनाला पाजतो! पाणी तापले की क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जमतो, पाणी फिरत नाही, आणि खारेपणाने ॲल्युमिनियमचे भागही खराब होतात. म्हणून रेडिएटरमध्ये गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले कूलंटच घाला. ते मिसळायचे असेल तर बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर वापरा. कूलंट वारंवार कमी होत असेल, तर नुसते भरत राहू नका; गळती शोधा. काटा चढला तर एसी बंद करा, गाडी बाजूला घ्या, इंजिन थांबवा. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका.

जास्त चाललेली गाडी वाईटच असते, असे नाही. वेळेवर ऑइल बदललेली दीड लाखाची गाडी, दुर्लक्ष झालेल्या साठ हजाराच्या गाडीपेक्षा चांगली निघू शकते. अडचण ही, की मागच्या मालकाने काय केले आणि काय टाळले, ते आपल्याला माहीत नसते. मीटरचा आकडाही खरा असेलच असे नाही. म्हणून जमवलेले सगळे पैसे खरेदीत घालवू नका. दोन लाख असतील तर वीस-पंचवीस हजार पहिल्या महिन्यासाठी राखून ठेवा.

त्या महिन्यात मागचा हिशेब पुसून नवा सुरू करा. इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल हे सगळे बदला. आपल्याकडच्या काळ्या मातीच्या धुळीत एअर फिल्टर लवकर चोंदतो. गाडीला टायमिंग बेल्ट असेल आणि तो कधी बदलला याचा पुरावा नसेल, तर "चालतोय ना" म्हणू नका. तो धावत्या गाडीत तुटला तर अनेक गाड्यांचे व्हॉल्व्ह वाकतात. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी त्यावरचे शेवटचे चार आकडे वाचा : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. जुने रबर कडक होऊन उन्हात फुटू शकते.

दर जुम्याला सकाळी, इंजिन थंड असताना, पाच मिनिटे द्या. ऑइलची पट्टी पाहा, कूलंट पाहा, टायरची हवा पाहा, गाडीखाली डाग आहे का पाहा. ऑइल दुधाळ दिसले तर गाडी चालवू नका, मिस्त्रीला बोलवा.

कागदही देखभालीचाच भाग आहेत. गाडी आपल्या नावावर करून घ्या आणि विमाही. विमा कंपनीला चौदा दिवसांत कळवावे लागते. त्यात आळस केला तर अपघाताच्या वेळी भरपाईवरून वाद उभा राहतो.

शेवटी, एक साधी वही ठेवा. तारीख, किलोमीटर, काय बदलले, किती लागले. भावाने आता ठेवली आहे. नोंदी मुमानी स्वतः करून घेतात. पावसाळ्यापासून गाडी, अल्हम्दुलिल्लाह, अकोल्याच्या फेऱ्या बिनतक्रार करते आहे.

ही वही एक दिवस पुढच्या मालकाच्या हाती द्यायची आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात एका विक्रेत्याच्या धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आत ओल लागली. पावसाने भिजले, असे तो म्हणाला. मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले. गाडी विकताना हेड गॅसकेटचे पानही भाऊ फाडणार नाही. किंमत थोडी कमी येईल. पण त्या पैशांत बरकत राहील, इन्शाअल्लाह.